डॉक्टर तुम्ही की मी?

तुमच्या धाकाने कोणी खरे सांगायचे टाळले, असे कधी घडले आहे का?

वीसेक वर्षांपूर्वी मी रत्नागिरीच्या एका रुग्णालयाचा प्रमुख होतो. माझ्यामागे ती जागा सांभाळण्यासाठी निखिल या तरुण डॉक्टरला तयार करत होतो. एका सकाळी लांज्याची एक बाई आली. आदल्या संध्याकाळी बागेत पायाला काही टोचले होते. काटा असावा, असे म्हणून निखिलने तिला घरी धाडले. दारातच ती मला भेटली. हिरड्यांतून रक्त येत होते. तिला फुरसे हा विषारी साप चावला होता. मी तिला तडक आत नेले.

प्रतिविष सुरू करून मी तपासणीच्या वेळी निखिलबरोबर असलेल्या सिस्टर सावंतांना विचारले, "तुम्हाला रक्त दिसले नाही?"

"दिसलं, सर. काल दुसऱ्या एका पेशंटच्या वेळी निखिल सरांची चूक दाखवली, तर म्हणाले, 'डॉक्टर तुम्ही की मी?' आज परत बोलायचा धीर झाला नाही."

मी निखिलकडे वळलो. "हे बोलणे कुठे शिकलास?"

तो खाली मान घालून म्हणाला, "तुमच्याकडेच, सर. राउंडला रोज ऐकतो."

ईश्वरकृपेने बाई वाचली. मी रुग्णालयाच्या विश्वस्तांना सारे लिहून कळवले. त्यांनी माझे प्रमुखपद काढून घेतले, आणि निखिलला शिकवण्याचे काम सिस्टर सावंतांकडे दिले.