अंतरपाट पडला तेव्हाचा फोटो

अध्यक्षस्थानी असलेल्या आदरणीय मंजुषाताई, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती शफीकभाई, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या गुलशनभाभी, आपल्या छायाचित्रकार मंडळाचे सभासद, आणि माझ्या आग्रहाखातर फुलंब्रीहून आलेले सांडूअण्णा व आवडाबाई, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

शफीकभाई चाळीस वर्षांनी उस्मानपुऱ्यातला आपला स्टुडिओ बंद करत आहेत. चाळीस नव्हे, एकोणचाळीस वर्षं आणि चार महिने. आकडे गोल करायची मला सवय नाही. मंडळानं मला विषय दिलाय, 'बदलतं तंत्रज्ञान आणि शफीकभाई'. मलाच का? मी कुठल्या कॉलेजात फोटोग्राफी शिकलो नाही. पण कॅमेऱ्यासोबत येणारी पुस्तिका डिक्शनरी घेऊन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा या शहरात सुदर्शन एकटाच, असा माझा लौकिक आहे. तो मीच पसरवलाय, हेही आत्ताच सांगून टाकतो.

तर तंत्रज्ञान. २०१७ च्या सुरुवातीला मी हैदराबादहून एक कॅमेरा मागवला. त्याचा फोकस फोटो काढून झाल्यावर बदलता येत असे. आत हजारो बारीक भिंगांची जाळी असते. उजेड किती आला एवढंच नव्हे, तो कुठल्या दिशेनं आला याचीही ती नोंद ठेवते. मग कॉम्प्युटरवर पुढच्या समईवर क्लिक करा, समई स्पष्ट. मागच्या आजीवर क्लिक करा, आजी स्पष्ट. मूल जागेवर बसत नाही, पक्षी थांबत नाही, आणि आपण फोकस धरेपर्यंत क्षण निघून गेलेला असतो. इथं आधी बटण दाबायचं, आणि बघायचं कुठं ते घरी चहा पिताना ठरवायचं. गुण मोठाच आहे, तो मी नाकारणार नाही.

मंडळाच्या बैठकीत मी तो कॅमेरा मिरवला. शफीकभाईंनी हातात घेऊन उलटासुलटा पाहिला आणि म्हणाले, "सुदर्शनभाऊ, मशीन लई भारी. पर नंतरच बघायचं तर आपण तिथं उभं कायकू राहायचं?"

मी म्हणालो, "भाई, उभे तुम्ही राहा. आम्ही आता बसून काढणार."

सगळे हसले. तेव्हा हसलेले बरेच जण आज समोर बसलेत.

आता दोष. ते मला तेव्हाही पाठ होते. दिशेची नोंद ठेवण्यात कॅमेऱ्याची बरीच ताकद खर्च होते, म्हणून फोटो आकारानं लहान निघतो, मोठ्या फ्रेमला पुरत नाही. त्याची फाइल त्याच्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडते. पुढं ती कंपनीच बंद पडली, आज ती फाइल उघडायची तर जुना कॉम्प्युटर शोधावा लागतो. (आजकाल मोबाइलवरही फोकस नंतर बदलतो म्हणतात. तिथं बहुतेक वेळा मागचं नुसतं पुसट केलेलं असतं. केसांच्या कडा नीट बघा, लगेच कळेल.) आणि सगळ्यात मोठा दोष असा, की चुकलेला फोकस दुरुस्त होतो, हललेला फोटो होत नाही. कमी उजेडात शटर जास्त वेळ उघडं राहिलं आणि माणूस हलला, की कितीही क्लिक करा, चेहरा सापडत नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात सांडूअण्णांच्या थोरल्या मुलीचं, सायलीचं लग्न होतं. गोरज मुहूर्त, कार्यालयात पिवळट दिवे. काम आम्हा दोघांकडे. नवा कॅमेरा दाखवून समोरची जागा मी घेतली, शफीकभाईंना बाजूला, मामाच्या मागं उभं केलं.

अंतरपाट म्हणजे आपल्या धंद्यातली परीक्षा. कॅमेरा कापडावर फोकस धरून बसतो, कापड खाली येतं आणि चेहरे पुसट. शफीकभाई आधीच नवरीच्या अंतरावर फोकस बांधून ठेवतात. शेवटच्या 'सावधान'आधी गुरुजी जो श्वास घेतात, तो ऐकून हे आपला श्वास रोखतात. मी मात्र निवांत होतो. शटर एक पंधरांश सेकंदावर. तेवढ्या वेळात माणसं हलणार हे मला कळत होतं, तरी बदललं नाही. अक्षता उडाल्या, हात उंचावले, माना वळल्या. घरी येऊन इथं क्लिक केलं, तिथं क्लिक केलं. नवरी कुठंच नाही.

शफीकभाईंच्या कार्डात मात्र तो क्षण होता. एकच फोटो. सायलीची नुकती वर झालेली नजर, आणि मागं आवडाबाईंची अक्षतांची मूठ, अजून न उघडलेली. अल्बम मी बनवत होतो, म्हणून कार्ड त्यांनी न बघताच माझ्याकडे दिलं होतं. तो फोटो मी लावला नाही. लावला असता तर कुणी काढला म्हणून सगळ्यांनी विचारलं असतं.

अल्बम बघून सांडूअण्णा आणि आवडाबाई माझ्या दुकानात आले. अण्णा म्हणाले, "भाऊ, समदं लगीन हाय ह्याच्यात, पर अंतरपाट पडल्याचा एक बी फोटू धड नाय. असं कसं झालं?"

मी म्हणालो, "अण्णा, तो क्षण टिपायचं काम शफीकभाईंकडे होतं. मोठा माणूस, त्यांना काय बोलणार? डोळे साथ देत नाहीत आता."

आवडाबाई म्हणाल्या, "आगं बाई, बिचारे!"

बोलणं पसरत गेलं, आणि फुलंब्रीपासून पिशोरपर्यंत लोकांनी शफीकभाईंना लग्नाचे फोटो काढायला बोलावणं थांबवलं. कुणी रागावलं नव्हतं. सगळ्यांना दयाच आली होती.

त्यांची कामं गेली, हे मला दिसत होतं. मी स्वतःला समजावलं, वय झालंच होतं. गेल्या महिन्यात मानपत्राची माहिती घ्यायला त्यांच्या घरी गेलो. भाई नमाजाला गेले होते. भाभी म्हणाल्या, "तीन डॉक्टरांकडं नेलं, भाईसाब. समदे बोलतात नजर बराबर हाय. पर ह्यांचाच भरवसा नाय. पासपोर्टचा एक फोटो काढतात अन् धा बार बघतात. म्हणतात, लोक उगाच थोडी बोलतात?"

म्हणजे माझं खोटं त्यांनीही खरं धरलं होतं. स्टुडिओ त्याच्यामुळे बंद होतोय.

आणि हे ऐकून मी काय केलं? घरी येऊन मानपत्रात वाक्य लिहिलं, 'दृष्टी अधू होत असतानाही आपण कलेची साथ सोडली नाही.' वाचायला बरं वाटलं म्हणून राहू दिलं. मंजुषाताई, टेबलावरची ती फ्रेम कृपा करून आज देऊ नका. दुसरी मी स्वतः लिहून आणीन.

शफीकभाई, हा लिफाफा घ्या. तुमच्या कार्डातला तो फोटो आहे. अल्बममध्ये लावला नाही, पण मला तो पुसताही आला नाही. दुसरी प्रत अण्णांसाठी आणलीय. अण्णा, मान खाली घालू नका. तुम्ही दुकानदाराच्या शब्दावर विश्वास ठेवलात, एवढंच.

काय म्हणालात, भाई? 'रहने दो'? नाही, भाई. इतकी वर्षं राहूच दिलं. तुमचे डोळे तेव्हाही चांगले होते, आजही आहेत. हे डॉक्टरांनी सांगितलं ते तुम्हाला पटलं नाही, म्हणून ज्यानं खोटं पसरवलं तोच सांगतोय.

मंडळानं मला बोलू दिलं, आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. या भाषणात एखादं नाव राहिलं असेल, तारीख इकडची तिकडं झाली असेल, तर चुकून झालं म्हणून सभागृहानं सोडून द्यावं. शफीकभाई, त्या दिवशी दुकानात जे बोललो, ते मात्र मी चुकून बोललो नव्हतो.