तळ्याखालच्या बाईची हाक

लेक खांद्यावर झोपली होती, म्हणून दवाखान्याच्या बाकावर मी हलत नव्हते. शेजारी दोघी बहिणी होत्या. धाकटीचे दिवस भरत आले होते.

“तायडे, कालपासून बाळ हललंच नाही गं.”

“बघतील आता डॉक्टर. पोटातल्या जिवाला असल्या अघोरी गोष्टींचं पुस्तक कुणी वाचून दाखवतं का?”

“बाकीच्या गोष्टींना ढिम्म असायचं. तळ्याखालची बाई पोरांना हाक मारते ना, तिथे मात्र रोज लाथ मारायचं.”

“म्हणूनच लपवलं मी काल.”

“आणि तेव्हापासून हे गप्प. तुझ्या पिशवीत आहे ना? वाच ना गं, एकदाच.”

“वेडी का काय तू! बरं, रडू नकोस. ‘पाण्याखालून ती म्हणाली, ये रे सोन्या, माझ्याकडे ये...’”

“हललं! हात ठेव इथे!”

“अगं बाई, हो की! झालं तर मग. मिटते आता.”

“नको ना. बघ, पुन्हा गप्प झालं.”

“अगं, पण शेवटी ते पोर जातं ना तिच्याकडे?”

“जातं. किती उरलंय?”

“दीड पान.”

“मग हळू वाच, तायडे.”