दुपारचं चार्जिंग

नाही, थांबा हो दादा, ती माझ्या कमरेची जुनी डबी अजून पिशवीत टाकू नका — आधी मला नीट सांगा. म्हणजे ही नवी दिवसभर झोपणार? आणि अप्पांनी आत गळ्यातलं बटण दाबलं की पटकन उठणार? बरं. आणि ही झोपलेली असताना हाक ऐकणार कोण? — अच्छा, एक बारकासा कान जागा. बाकी सगळं यंत्र गाढ झोपलेलं, म्हणून वीज लागत नाही, सेल वर्षानुवर्षं पुरतो. आणि शेजारच्यांची बेल वाजली, कुणाचा मोबाइल वाजला, तरी उठणार नाही? फक्त आपल्याच खुणेला? भलतीच लाडाची आहे की हो! माझंही तसंच म्हणा, सासरे अंथरुणाला खिळल्यापासून — डोळे मिटलेले आणि कान उघडा. फक्त मला सगळ्यांच्याच खुणांना उठावं लागतं. अप्पा खोकले, उठा. ह्यांचा मोजा सापडत नाही, उठा. वरच्या मजल्यावर जाऊबाईंचं दूध उतू जायला लागलं तरी वास मलाच येतो. आणि तुम्ही म्हणता, असं झोपलं की शक्ती वाचते. कुणाची वाचते ते एकदा दाखवा मला.

ह्यांनीच बोलावलं ना तुम्हाला? वाटलंच. सकाळी म्हणाले, घे, तुझी रोजची चार्जिंगची कटकट मिटवली. इतके खूश होते, काय बोलणार? आता ह्यांना कसं सांगू — जुनी डबी दुपारी मान टाकते, मग ती स्वयंपाकघरातल्या प्लगला लावायची, तिथे टांगलेली डबी कमरेला कशी लावणार, आणि कमरेला नाही म्हणजे अप्पांची हाक मला कळणार कशी? म्हणून तेवढा वेळ जाऊबाईंनी खाली येऊन अप्पांपाशी बसायचं, असा आमच्याकडे नियमच आहे. केला मीच, पण पाळतात सगळे. माणूस दमलं म्हणा — लगेच, आम्ही काय कमी दमतो का? यंत्र दमलं म्हणा — सगळे गुपचूप!

रात्री लावली तर? रात्री लावली तर दिवसभर पुरते हो, तेवढं मला कळत नाही का? म्हणून तर रात्री लावत नाही. — हसू नका, खरंच सांगते. मग तेवढ्या वेळात जाते कुठे? कुठे नाही, बँकेत. काम कसलं, काही काम नसतं. टोकन घ्यायचं आणि पंख्याखालची खुर्ची धरायची. मग माझा नंबर पुकारतात — आणि मी उठत नाही! पुन्हा पुकारतात, काउंटरवरची बाई मान उंच करून बघते, मग मीही इकडेतिकडे बघते, कोण बाई हे ध्यान, नंबर आला तरी जागचं हलत नाही! मग पुढचा नंबर. इतकं बरं वाटतं ना दादा, अगदी पोटातून. एखाद्या दिवशी दुसरं टोकन घेते. शिपायाला आता कळलंय, पण बोलत नाही बिचारा. त्याचं भलं होवो.

तर एवढं करा — ह्यांना सांगा, तुमच्या भिंती जाड आहेत, नवी इथे चालायची नाही. खोटं कसं? भिंती जाड आहेतच. अहो, तुमचं काय जातंय? मला बाहेर पडायला दुसरं दारच नाही हो. अप्पा वाईट नाहीत, सोन्यासारखा माणूस, कधी आवाज चढवला नाही. पण ते 'सूनबाई, जरा' — त्या 'जरा'ला शेवट आहे का? पाणी दे जरा, कूस वळव जरा, नुसतीच बस जरा. कधी कधी मनात येतं, हे संपणार कधी? — आणि संपणार म्हणजे काय, ते लगेच लक्षात येतं, आणि आपल्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच मनात येतं.

असे काय बघताय? — ही हिरवी लाइट कसली? जागी आहे म्हणजे? मघाशी तुम्ही आत जाऊन त्यांचं बटण दाबून बघितलंत, तेव्हापासून? आणि उठली की हिच्यातून बोलणं पण जातं? आत? त्यांच्या उशाशी? अहो मग सांगायचं नाही का — मी बोलू कुठे दिलं, हो, बरोबर, मी कुठे बोलू दिलं तुम्हाला.

अप्पा? … अप्पा, ऐकू येतंय का?

काय म्हणालात? जरा मोठ्यानं —

ऐकलंत ना तुम्ही पण? जुनीच असू दे म्हणतायत. दुपारी जात जा, म्हणतायत, वरची सून असते की माझ्यापाशी. चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं हो — चार दिवस मीही धुसफुसले असते आणि पाचव्या दिवशी चपला घालून गेले असते. आता त्यांनीच जा म्हटल्यावर कशी जाऊ मी? त्या खुर्चीत बसून नंबर पुकारला की मला अप्पांचाच आवाज येणार.

नवीच बसवा. हो हो, नवीच. भिंतींचं काही सांगू नका ह्यांना. आणा ती इकडे, मी लावते कमरेला. आणि निघा आता दादा — अप्पांची कूस वळवायची वेळ झाली.