कुलूप न तोडता घरात शिरलेल्या बाईंबद्दल

मी, वय ३३ वर्षे, धंदा दवाखान्यात नर्सची नोकरी, राहणार जुन्या इमारतीचा तिसरा मजला, समक्ष विचारल्यावरून सांगते की,

वरील घर मी तीन आठवड्यांपूर्वी वीस वर्षांच्या कर्जावर विकत घेतलं. निम्म्याहून जास्त पगार हप्त्यात जातो. उरलेल्यातून मेंटेनन्स, घरपट्टी आणि लिफ्ट दुरुस्तीची वर्गणी. घरात सध्या एक गादी आणि चार भांडी आहेत.

आज रविवारी सकाळी सव्वाआठला ड्युटीवरून आले तेव्हा दार उघडं होतं. आत बादलीचा आवाज आला. मी जिन्यातूनच पोलिसांना फोन केला. दोन शिपाई आले. मोरीत पदर खोचून पाणी पुसत असलेल्या बाई या घराच्या आधीच्या मालकीण निघाल्या. वय ६८, ग्रंथालयातून निवृत्त.

त्या म्हणाल्या, "रविवारी सातला पाणी जोरात येतं, कधीकधी नळाचा वॉशर सुटतो. तुला सांगायचं राहून गेलं. तू ड्युटीवर असशील, म्हटलं घर भरेल पाण्याने."

त्यांच्याकडे जादा किल्ली राहिली होती. त्या दोन बस बदलून आल्या होत्या. यजमान गेल्यावर एकट्या पेन्शनमध्ये या घराचा खर्च झेपेना, म्हणून त्यांनी ते विकलं. दुसरं गिऱ्हाईक जास्त देत होतं, हे मला दलालाकडून नंतर कळलं. सौद्याच्या वेळी त्यांनी मला एवढंच विचारलं होतं, "स्वतः राहशील ना?"

सध्या त्या भाच्याकडे राहतात. बाहेरच्या खोलीत झोपतात, घरातले उठायच्या आत अंथरूण गुंडाळतात. विचारलं तर म्हणाल्या, "माणसं चांगली आहेत हो."

आतली खोली भाड्याने द्यावी असं माझ्या मनात होतंच. जबाबासाठी आम्हा दोघींना ठाण्यात आणलं, तेव्हा मी इथेच म्हटलं, "काकू, तुम्हीच या ना राहायला."

"भाडं?"

"मेंटेनन्सचा निम्मा वाटा द्या."

त्या बराच वेळ चष्मा पुसत होत्या. मग म्हणाल्या, "तेवढं जमेल. पण तुझ्या स्वयंपाकात मी लुडबुड करणार. आधीच सांगून ठेवते."

कुलूप तुटलेलं नाही. काही चोरीस गेलेलं नाही. माझी तक्रार नाही.

हवालदारांनी जबाब वाचून दाखवला, मी सांगितला तसाच आहे. बाईंना कुठे सोडायचं, असं त्यांनी विचारलं. आम्हा दोघींना एकाच पत्त्यावर सोडावं, असं मी सांगितलं.