चिप फक्त हुकूम देते

सत्त्याऐंशी साली भद्रावतीच्या बसस्टँडवर कारखान्यातले साहेब आणि मेकॅनिक हरिदास रांगेतच भांडत होते. पुढच्या ठमाबाईनं कान टवकारले.

“कारखान्यातली झडप चालवणारी चिप तुझ्या चुकीनं जळली, असं लिहून सही कर. नाहीतर नोकरी जाईल.”

“झडपेची कॉइल चिपच्या पायांना सरळ तुमीच जोडली, साहेब.”

“मी इंजिनियर आहे! तुला कोणी शिकवलं?”

“रेडिओ खोलू खोलू शिकलो. चिपच्या पायानं इवलासा दिवा पेटते. झडप उघडाले जोर लागते, बंद कराले करंट उलटा फिरवा लागते. मधात चार ट्रान्झिस्टर पायजेत.”

“चिप असताना ते कशाला?”

“चिप फक्त हुकूम देते. ओझं दुसऱ्यानंच उचला लागते. तुमच्या घरी तर पिढ्यांपासून हेच चालू हाय!”

ठमाबाईला हसू आवरेना.

“सही करतोस की नाही?”

“करतो ना. ‘साहेबानं जाळली’ लिहा, साक्षीदार म्हणून घ्या माही सही.”