येल्मरचा उंदीर, रेन्स्काचं अभिनंदन

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या बसथांब्यावर माझ्यापुढे रेन्स्का केकचा डबा घेऊन उभी होती. तिची मैत्रीण लांबूनच ओरडत आली.

"रेन्स्का, येल्मरचा लेख छापून येतोय म्हणे! तुझंही अभिनंदन!"

"माझं कशाला?"

"प्रयोगशाळेत त्याच्या शेजारी बसतेस ना? आपल्या डच लोकांत एकाचं चांगलं झालं की आसपासच्या सगळ्यांचंच करतात."

"सकाळपासून अख्खा मजला करतोय. हात मिळवून मिळवून मनगट दुखलं."

"शोधलंय काय त्याने?"

"मेंदूतल्या मूठभर पेशी. त्यांच्यावर उजेड पाडला की गाढ झोपलेला उंदीर टुणकन उठतो."

"आणि तुझ्या पेशी झोप आणतात, नाही का?"

"आणायला हव्यात. माझे उंदीर टक्क जागे!"

"होईल गं."

"मला वाटलं, त्याचा दिवा लागताना खट्‌ वाजतो, त्यानेच उंदीर उठत असेल. तो जेवायला गेल्यावर मी उंदराच्या डोक्यावरची उजेड नेणारी तार काढली आणि दिवा लावला. म्हणजे आवाज होणार, पण उजेड पेशींपर्यंत जाणार नाही."

"मग? उठला?"

"कूस बदलली मेल्याने! मी खोकूनसुद्धा पाहिलं."

"येल्मरला कळलं?"

"दारातच उभा होता. म्हणाला, बरं केलंस, ही तपासणी राहिलीच होती. लेखाच्या शेवटी माझे आभार मानलेत."

"किती चांगला आहे गं!"

"तोच तर त्रास आहे. केकसुद्धा स्वतः भाजून आणला."

"बिघडला असेल."

"बिघडला असता तर डबा भरून घरी नेला असता का मी?"