पाणी ढवळण्याचं काम वेंडेलकडे होतं

नाव: डॉइल हकबी. वय: ६१ वर्षे. धंदा: पाण्याचे पंप दुरुस्ती. राहणार: सायकस्टन, राज्य मिसूरी. सध्या मुक्काम: आर्कान्सा, नदीकाठच्या जंगलातली भाड्याची केबिन.

मी आज दुपारी ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो की, सकाळी बोटीच्या धक्क्यावर तुमच्या शिपायाला मी "मला काहीच ऐकू आलं नाही" असं सांगितलं, ते खोटं आहे. घाबरून बोललो. अजूनही घाबरलेलोच आहे.

वेंडेल प्रेदर, गारलंड टब्ज आणि मी शाळेपासूनचे दोस्त. दर जानेवारीत चार दिवस बदकं मारायला इकडे येतो. यंदाचं बत्तिसावं वर्ष. वेंडेलचा डावा गुडघा कामातून गेलाय. निघताना त्याची बायको नेडीन मला बजावून म्हणाली, "डॉइल, तुझ्या भरवशावर पाठवतेय. नजरेआड होऊ देऊ नकोस त्याला." मी म्हटलं, "अगं, जातोय कुठे तो?"

आज सकाळी सहाला बोटीतून उतरून आम्ही जंगलात साचलेल्या पाण्यात उभे राहिलो. पाणी मांडीपर्यंत. तिघांच्याही अंगात छातीपर्यंत येणाऱ्या रबरी विजारी होत्या. पाण्यालगत धुकं, वर आभाळ मोकळं. वारा अजिबात नाही. वारा नसला की पाण्यावर सोडलेली प्लास्टिकची बदकं नुसती पडून राहतात आणि वरची खरी बदकं फसत नाहीत. म्हणून एकाने झाडाआड उभं राहून पायाने पाणी ढवळायचं, म्हणजे लाटा उठतात. बदकाचा आवाज काढणारी शिट्टी फुंकायला वेंडेलला दम पुरत नाही, म्हणून हे काम त्याचं.

"मला काय वॉशिंग मशीन समजलात का रे?" असं म्हणत तो डावीकडे, तीसेक पावलांवर, एका जाड झाडामागे गेला. मला दिसेनासा झाला. मी जाऊ दिलं.

सात वाजून पाच मिनिटांनी बदकांचा एक थवा डोक्यावर घिरट्या घालू लागला. गारलंड शिट्टी फुंकत होता. दोन फेऱ्या झाल्या तरी उतरेनात. मी दबक्या आवाजात म्हणालो, "वेंडेल, ढवळ की!" पाणी वाजलं. मग जोरात वाजलं. मग फारच जोरात. गारलंड हळूच हसून म्हणाला, "आज म्हाताऱ्याच्या अंगात आलंय बघ." लाटा आमच्यापर्यंत आल्या, खोटी बदकं डुलायला लागली, वरची वळली. अशा वेळी सगळ्यांनी स्तब्ध राहायचं असतं. मी तसाच दबक्या आवाजात म्हणालो, "बास. आता हलू नकोस."

आवाज थांबला. लगेच नाही, आणखी दोनदा वाजून थांबला. शहाणा आहे, ऐकतो, असं मला वाटलं.

बदकं उतरली. आम्ही दोघांनी सहा बार काढले. चार पडली. त्यातलं एक जखमी होऊन पोहत निघालं, त्याच्यामागे मी गेलो, उजवीकडे. चारही गोळा केली आणि मग हाक मारली, "काय रे, तू एकही बार काढला नाहीस?"

मध्ये किती वेळ गेला, असं आपण विचारता. चार मिनिटं असतील. सहाही असतील. देवाशपथ, मला ठाऊक नाही.

झाडामागे त्याची टोपी तरंगत होती. कुजून गेलेल्या बुंध्याचा खड्डा होता तिथे. वरून कळत नाही. तो त्यातच गेला होता. विजारीत पाणी शिरलेलं, दोघांनाही ओढवेना. कसाबसा बोटीत घेतला. गारलंड सारखी त्याची छाती दाबत होता. धक्का जवळ आला तेव्हा वेंडेल एकदा खोकला. सध्या इस्पितळात मशीनवर श्वास घेतोय. शुद्ध नाही.

त्याने हाक मारली का, असं आपण विचारता. नाही मारली. बदकं डोक्यावर असताना आवाज चढवायचा नाही, हा आमचा नियम. पहिल्या वर्षी तो शिंकला, तर मी त्याला दिवसभर शिव्या घातल्या होत्या. त्यानंतर तो कधी चुकला नाही.

तो शुद्धीवर येणार नाही, याची मला भीती वाटते. आणि आला तर मी काय म्हणालो ते त्याला आठवेल, याचीही वाटते. नेडीन मोटारीने निघालीय, तासाभरात पोचेल.

लिहिलेलं मला सावकाश वाचून दाखवलं. "बास. आता हलू नकोस" एवढे शब्द गाळता येतील का, असं मी विचारलं. साहेबांनी पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, राहू द्या. मजकूर मी बोललो तसाच आहे आणि खरा आहे.

सही: डॉइल हकबी